चार मिनिटांचा पाइप

कोगुरेसाहेबांनी चौतीस वर्षं लोकांना आवाज कमी करायला सांगितलं, आणि निवृत्त झाल्यावर अकराव्या महिन्यात स्वतःच्या गाडीचा आवाज वाढवून घेतला. ह्यात विसंगती काही नाही. दुसऱ्यांच्या पियानोंवर, कुत्र्यांवर आणि कोंबड्यांवर जन्मभर कान ठेवून बसलेल्या माणसाला एकदा स्वतः भुंकावंसं वाटणारच.

त्यांची नोकरी शहर कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, तक्रारींच्या खिडकीत. आवाज, वास, धूर आणि हादरे असे चार कप्पे. हिवाळ्यात अकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटला की एका गल्लीचा धूर दुसऱ्या गल्लीत जाई, आणि दुसऱ्या गल्लीची माणसं साहेबांच्या खिडकीत येत. कुजबुजत बोलत, चारदा वाकत, आणि जाताना न चुकता म्हणत, "माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका हं."

ह्या 'नाव नको'वर साहेबांनी एक पद्धत बसवली होती. कचेरीत ती अजूनही त्यांच्याच नावाने चालते. तक्रार शेजाऱ्याची असेल, तर अधिकाऱ्याने दंडाला हिरवी पट्टी बांधायची, फाइल घ्यायची आणि ओळीने पाच घरी जायचं. ज्याच्याबद्दल तक्रार, त्याचं घर तिसरं. पाचही घरी एकच वाक्य बोलायचं: "कोणा एकाची तक्रार नाही, पण ह्या भागात जरा..." पण तक्रार जर त्याच घरातल्या माणसाची असेल, तर काम नाजूक. तेव्हा एकट्या त्याच घरी जायचं. पट्टी नाही, फाइल नाही. हातात खाऊचा पुडा. विषय काढायचाच नाही. चहा प्यायचा, हवापाण्याचं बोलायचं, उठायचं. ज्याला समजायचं त्याला रात्री झोपताना समजतं.

निवृत्तीच्या समारंभात कचेरीने त्यांना त्यांचाच जुना आवाजमापक चामड्याच्या पेटीत घालून भेट दिला. साहेब त्यावर फार खूश. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्याच यंत्रावर त्यांनी गंमत म्हणून बायकोचं हसणं मोजलं होतं. चौऱ्याहत्तर डेसिबल भरलं. "वसतिभागात दिवसाची मर्यादा पंचावन्न," असं ते तेव्हा म्हणाले होते, आणि हा किस्सा त्यांनी पुढे प्रत्येक मेजवानीत सांगितला. लोक हसत. तोशिएबाईही हसत, तोंडावर हात धरून.

निवृत्तीनंतरचे पहिले महिने वाईट गेले. साहेब बैठकीत बसले की बैठकीत झाडू येई. स्वयंपाकघरात गेले की तिथली फरशी ओली असे. तीस वर्षं ज्या घराचे हप्ते भरले त्या घरात आपण नेमकं बसायचं कुठे, हे त्यांना कळेना. त्यांची अपेक्षा तशी माफक होती. बाहेरून आलं की कोणीतरी वाट पाहत असावं, एवढीच. पण त्यासाठी आधी बाहेर जावं लागतं, आणि त्यांना जायला जागा नव्हती.

म्हणून त्यांनी गाडी घेतली. दोन माणसांची, लाल, पंचवीस वर्षांची. दिवे लावले की झोपेतून उठल्यासारखे डोळे वर उघडणारी. तरुणपणी कचेरीच्या खिडकीतून अशा गाड्यांवर त्यांनी पुष्कळ नोटिसा काढल्या होत्या. रोज जेवण झालं की ते अकागीवरच्या तळ्यापर्यंत जात आणि चारला परत येत. गाडी अगदी शांत होती. इतकी, की एकदा ते मधेच परत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले तेव्हा तोशिएबाईंच्या हातातून बशी पडली.

दुसऱ्याच दिवशी जेवताना बाई म्हणाल्या, "अहो, एवढी शर्यतीची गाडी, आणि आवाज शिलाई मशीनसारखा?"

साहेबांचा घास तोंडातच राहिला. "तुला आवाज हवाय?"

"मला काय कळतंय त्यातलं. पण ती सुनागांच्या गॅरेजवर मुलं येतात, त्यांच्या गाड्या कशा ऐकू येतात! लांबून कळतं, कोण आलं ते."

साहेबांना त्या क्षणी बायको नव्याने आवडली.

सुनागा गॅरेजवाला त्यांना पाहून फडक्याला हात पुसत उभा राहिला. "या साहेब. मागे आमच्या आवाजाबद्दल आला होतात."

"मी पाच घरी गेलो होतो."

"हो. आणि माझं तिसरं होतं." सुनागाने गाडीच्या पोटाखाली डोकावून पाहिलं. "काय करायचंय?"

"कन्व्हर्टर काढायचा. सरळ पाइप टाकायचा."

हे कायद्याने चालत नाही, हे साहेबांना कलमाच्या क्रमांकासकट पाठ होतं. सुनागालाही होतं. दोघांनी त्या कलमाला मनातल्या मनात वाकून नमस्कार केला आणि गाडी वर चढवली.

इंजिनातून निघालेला धूर आधी ह्या कन्व्हर्टरच्या डब्यात शिरतो, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून गाळून निघतो, आणि मग सभ्य होऊन बाहेर पडतो. सुनागाने गंजलेल्या बोल्टांवर तेल मारलं, शिव्या दिल्या, डबा उतरवला आणि त्या जागी हातभर लांबीची पोकळ नळी बसवली. संपलं. बोल्टांना त्याने तांब्याचं ग्रीस चोपडलं.

"हे कशाला?"

"परत सोडवायला सोपं जातं. दर दोन वर्षांच्या सरकारी तपासणीला डबा पुन्हा बसवावा लागणार ना?"

भिंतीवरच्या फळीवर असे वीस-पंचवीस डबे ओळीने ठेवलेले होते. प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी. देवळामागच्या अस्थींच्या खोलीत कलश असतात तसे. सुनागाने साहेबांचाही डबा नीट पुसून, नाव लिहून त्या ओळीत ठेवला. "दोन वर्षांनी एक दिवस काढायचे, पितरांसारखे. जेवू घालायचं, की पुन्हा फळीवर."

गाडी सुरू झाली तेव्हा समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडंफार कच्च्या पेट्रोलच्या वासाने असेल.

पण माणूस शेवटी कचेरीचा. आपण किती बेकायदा आहोत हे त्यांना अचूक माहीत असायला हवं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी तोशिएबाईंना आवाजमापक देऊन फाटकापाशी उभं केलं, फोन कानाला लावला आणि स्वतः गाडी घेऊन निघाले. ठिकठिकाणी थांबून ते इंजिन वाढवत आणि फोनवर विचारत, "आता?" बाई आकडा वाचत. तिथून घरापर्यंत किती वेळ लागतो, तोही त्यांनी घड्याळ लावून मोजला. संध्याकाळी साहेबांनी रेघा आखून सुंदर तक्ता केला आणि फ्रिजवर चुंबकाने लावला:

टोफूवाल्याचं वळण, बावन्न, चार मिनिटं.
पोस्ट ऑफिस, अठ्ठावन्न, दोन मिनिटं.
गल्लीचा कोपरा, एकाहत्तर, अर्धं मिनिट.

"टोफूवाल्यापासून चार मिनिटं लागतात?" बाईंनी विचारलं.

"सिग्नल आहे, शिवाय एकदिशा रस्त्याचा वळसा. अगदी नक्की चार."

"बरं झालं कळलं," बाई म्हणाल्या.

आणि त्या दिवसापासून चमत्कार झाला. साहेब चारला, कधी साडेतीनला, कधी डोंगरावर धुकं असलं तर दोनलाच परत येत. पण कधीही आले तरी तोशिएबाई उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसलेल्या असत. "आलात? दमलात?" चहा अगदी हवा तेवढाच गरम. घर लखलखीत, शांत, आणि कुठेही झाडू नाही. साहेबांनी हे सुनागाला दोनदा सांगितलं. "पाइप बसल्यापासून बायको वाट पाहते रे!" सुनागा म्हणाला, "इतर गिऱ्हाइकांच्या बायका घटस्फोटाचं बोलतात." साहेबांना ते ऐकून आणखीच बरं वाटलं.

सव्वा वर्ष असं गेलं. मग मार्चच्या शेवटी, एका सकाळी मोतेगी आला.

मोतेगी म्हणजे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता त्यांच्या खिडकीत बसणारा अधिकारी. साहेब फाटकापाशी गाडी पुसत होते. त्यांनी पहिल्यांदा त्याचा दंड पाहिला. पट्टी नव्हती. मग हात पाहिला. फाइल नव्हती. हातात खाऊचा पुडा होता.

साहेबांनी गल्लीकडे नजर टाकली. मोतेगी शेजारच्या घरातून आला नव्हता. सरळ इथेच आला होता.

"या, या," साहेब म्हणाले, आणि त्याला तोंड उघडू न देता बोलत सुटले. गाडीचं वर्ष सांगितलं, टायर दाखवले, इंजिन सुरू करून दाखवलं. मोतेगी मान डोलावत होता. दोनदा त्याने "साहेब, खरं म्हणजे मी आज..." अशी सुरुवात केली. दोन्ही वेळा साहेबांनी गॅस दिला. तोशिएबाईंनी चहा आणला, मोतेगीने तो उभ्या उभ्याच प्यायला, वाऱ्याबद्दल बोलला, पुडा बाईंच्या हातात दिला, नेहमीपेक्षा जास्त खाली वाकला आणि गेला.

पद्धत तंतोतंत पाळली होती पोराने. साहेबांना त्याचा अभिमान वाटला, आणि मग त्यांनी हिशेब केला. घरात माणसं दोन. त्यांनी स्वतःबद्दल तक्रार केलेली नव्हती.

पुढचे तीन दिवस कोगुरेसाहेब घरात हुतात्म्यासारखे वावरले. गाडी बाहेर काढली नाही. आमटीच्या वाटीत पाहत जेवले. बायको खिडकीत जाऊन उभी राहिली असेल, कुजबुजली असेल, "माझं नाव मात्र नको" म्हणाली असेल, हे चित्र त्यांना दिसत राहिलं. विचारता येत नव्हतं. तक्रार करणाऱ्याला कधीही विचारायचं नाही, हे पद्धतीतलं पहिलं कलम, आणि ते त्यांनीच लिहिलेलं. तोशिएबाई मात्र ह्या तीन दिवसांत चारदा म्हणाल्या, "आज तळ्यावर नाही जायचं? हवा चांगली आहे की."

चौथ्या सकाळी साहेब म्हणाले, "आज कन्व्हर्टर परत बसवून घेतोय."

बाईंच्या जेवणाच्या काड्या लोणच्यावरच थांबल्या. "का हो? तपासणीला तर अजून वेळ आहे."

"असू दे."

"कोणी काही म्हणालं का?"

"कोणा एकाची तक्रार नाही," साहेब म्हणाले, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मग राहू दे ना! छान वाजतो. मला तर सवय झालीय. नका हो काढू."

तक्रार करणारे सगळे असंच म्हणतात, हे साहेबांना चौतीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. काय अभिनय करते ही बाई, असं मनाशी म्हणत त्यांनी डबा परत बसवायला गाडी काढली.

सुनागाने फळीवरचा डबा उतरवला, चिठ्ठी काढून खिशात ठेवली. ग्रीस लावलेले बोल्ट लोण्यासारखे सुटले. अर्ध्या तासात गाडी पुन्हा सभ्य झाली. साहेब तिच्यात बसले तेव्हा त्यांना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. तळ्यावर जायचा उत्साह राहिला नव्हता. नदीकाठी गाडी लावून त्यांनी तासभर पाणी पाहिलं, आणि दोनच्या सुमाराला घराकडे वळवली. टोफूवाल्याच्या वळणावर कुत्रंसुद्धा उठलं नाही.

फाटकाशी गाडी लावून त्यांनी दार सरकवलं. 'आलो' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. उंबऱ्याशी चपलांचे दोन जोड परके होते. आणि आतून हसणं येत होतं.

साहेबांनी सवयीने अंदाज केला. ब्याऐंशी, कदाचित चौऱ्याऐंशी. मोकळं, लांबलचक, मधे श्वास घ्यायला थांबणारं आणि पुन्हा उसळणारं. त्यांनी हजारो आवाज ओळखले होते, पण हा कोणाचा ते त्यांना कळेना. त्यांनी चपला काढल्या, मोज्यांवर पुढे गेले आणि सरकत्या दाराच्या फटीतून पाहिलं.

तोशिएबाई मेजाच्या टोकाला उभ्या होत्या. कमरेला साहेबांचा पट्टा, हातात साहेबांचा आवाजमापक. समोर शेजारच्या नेगिशीबाई आणि मागच्या गल्लीतल्या होशिनोबाई बसल्या होत्या. मध्ये मिसो लावून भाजलेल्या मांजू पावांचं ताट, मुळ्याचं लोणचं, आणि मोतेगीने आणलेल्या खाऊचा उघडा पुडा.

"नेगिशीबाई, आपण मुळा चावलात तो अडुसष्ट भरला," तोशिएबाई म्हणाल्या. आवाज हुबेहूब साहेबांचा होता. ते बोलण्याआधी जे किंचित खाकरत, तेही बाईंनी उचललं होतं. "कोणा एकाची तक्रार नाही. पण ह्या भागात जरा..."

"पुरे गं बाई, माझं पोट दुखायला लागलं!" नेगिशीबाई मेजावर आडव्या झाल्या. "आता ते सांग, ते लग्नातलं. हसणं मोजल्याचं."

"चौऱ्याहत्तर!" तोशिएबाईंनी यंत्र स्वतःच्याच तोंडासमोर धरलं आणि त्या हसल्या. तोंडावर हात नव्हता. हातात यंत्र होतं म्हणून नसेल, असं साहेबांना क्षणभर वाटून गेलं. दुसरा हात रिकामा होता.

होशिनोबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "अगं, तुझे हे येतील ना? उठू या का?"

"बस गं. सकाळी पाइप काढतो म्हणाले खरे, पण काढायचे नाहीत ते. अजून टोफू कुठे झाला?"

"आज लवकर आले तर?"

"येऊ देत. लवकर येवोत की उशिरा, टोफूला बावन्न वाजले की चार मिनिटं आपली. तेवढ्यात तू मागच्या दाराने जातेस, मी कप विसळते आणि उंबऱ्याशी जाऊन बसते." तोशिएबाईंनी फ्रिजवरच्या तक्त्याला टिचकी मारली. "फार हुशार माणूस. स्वतः मोजून दिलंय."

"देव त्या पाइपचं भलं करो," नेगिशीबाई म्हणाल्या. "आधी कसलं, घोटभर चहा प्यायचा तर काळीज धडधडायचं."

साहेब मागे सरकले. मोज्यांवरच बाहेर आले, चपला हातात, दार इतक्या हळू ओढून घेतलं की यंत्रालाही कळलं नसतं. फाटकाच्या पेटीत टपाल येऊन पडलं होतं. हात नेहमीसारखा आत गेला आणि एक छापील कार्ड घेऊन बाहेर आला. गाडीत बसून त्यांनी ते वाचलं. मोतेगीचं. एक एप्रिलपासून पाणीपुरवठा विभागात बदली झाली आहे, आजवरच्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे. खाली हाताने दोन ओळी: 'त्या दिवशी निरोप घ्यायलाच आलो होतो, पण आपण गाडी दाखवण्यात रमला होतात, सांगायची संधी मिळाली नाही. आवाज फार सुंदर आहे. वहिनींना नमस्कार.'

म्हणजे तक्रार कोणीच केली नव्हती. सव्वा वर्षात एकानेही नाही. बायकोने तर मुळीच नाही. साहेबांना कळेना की आपल्याला हायसं का वाटत नाही.

उतारावर त्यांनी ब्रेक सोडला आणि इंजिन सुरू न करता गाडी गल्लीच्या टोकापर्यंत घरंगळू दिली.

सुनागा जेवणाचा डबा खाऊन नुकताच उठत होता. "साहेब? काय राहिलं?"

"पाइप बसव."

"सकाळीच तर काढला!"

"बसव."

सुनागाने त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला नव्हत्या. तो खाली वाकला. "बोल्ट मी हातानेच आवळले होते," तो गाडीच्या पोटाखालून म्हणाला. "तुमचा चेहरा बघून."

डबा फळीवर गेला, चिठ्ठी खिशातून निघून पुन्हा त्याच्यावर बसली. साडेतीनला साहेब निघाले. नेहमीचा रस्ता टोफूवाल्याकडून. पण त्याआधी नदीवरचा पूल लागतो. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. नदीकाठच्या तक्रारी त्यांच्या काळात सगळ्यांत जास्त असत. पुलाच्या मध्यावर त्यांनी गाडी थांबवली, गियर काढला आणि गॅस तळापर्यंत दाबला. एकदा. दोनदा. वारा घराच्या दिशेने होता. सायकलवरचा एक म्हातारा थांबून त्यांच्याकडे पाहत राहिला. साहेबांनी त्याला वाकून नमस्कार केला आणि तिसऱ्यांदा दाबला.

मग ते हळू निघाले. टोफू, सिग्नल, वळसा, पोस्ट. कोपऱ्यावर उगाच एक मिनिट थांबले.

तोशिएबाई उंबऱ्याशी बसलेल्या होत्या. परके जोड नव्हते. "आलात? दमलात?" मग, "पाइप नाही काढलात?"

"काढला. पुन्हा बसवला."

"बरं केलंत."

आत मेज लखलखीत होतं. कपाटाशेजारच्या जाळीवर तीन कप पालथे घातलेले होते, आणि तिन्हींमधून पाणी गळत होतं. आवाजमापक चामड्याच्या पेटीत, पेटी तिच्या जागेवर. चहा अगदी हवा तेवढाच गरम होता. साहेबांनी तो संपवला.

"अगं, पेन्सिल आण जरा."

बाईंनी आणली. साहेबांनी फ्रिजकडे बोट केलं. "तक्त्यात वर एक ओळ वाढव. पूल. वाऱ्याची साथ असली की पंचेचाळीस येतात तिथून."

तोशिएबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मोज्यांच्या तळव्यांकडे, जे ग्रीसने काळे झाले होते. त्या तक्त्याशी गेल्या, नीट अक्षरात 'पूल' लिहिलं, पुढे 'पंचेचाळीस' लिहिलं.

"मिनिटं किती?" पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं.

"सात."

बाईंनी सात लिहिले.